जंगलाच्या मातीतलं विरजण

गेल्या आषाढात साक्री तालुक्यातल्या एका डोंगरउतारावर आम्ही रोपं लावत होतो. खड्डा घ्यायच्या आधी तात्यांनी एका जुन्या सागाखालचा पाला हाताने बाजूला सारला. सागाची पानं ताटाएवढी. वरचं पान खडखडीत, त्याखालचं ओलं, आणि सगळ्यात खालच्या पानाची नुसती शिरांची जाळी उरलेली. त्या जाळीला आणि खालच्या मातीला मिळून पांढऱ्या धाग्यांचं एक जाळं चिकटलं होतं. तात्यांनी पान उचललं तसे धागे ताणले गेले आणि तुटले. तात्या म्हणाले, "भाऊ, याले बुरशी लागनी. औषध टाकनं पडी."

तात्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. केळीवरचा करपा, कपाशीची मर, ज्वारीची काणी हे सगळे रोग बुरशीचेच. खानदेशातल्या शेतकऱ्याने बुरशी पाहिली ती पीक नेणारी. तिचं नाव निघालं की हात फवारणीच्या पंपाकडे जातो.

त्याच संध्याकाळी त्यांच्या नातवाने मोबाइलवर आलेला एक व्हिडिओ दाखवला. झाडं म्हणे जमिनीखालून बुरशीच्या तारांनी एकमेकांशी बोलतात, आणि मोठं 'आई झाड' आपल्या पिल्लांना साखर पाजतं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळी जी बुरशी मारायची होती, ती संध्याकाळी माउली झाली होती. खरं काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर तिथल्या तिथे मला नीट देता आलं नाही, म्हणून हा लेख.

बुरशी म्हणजे नक्की कोण?

शाळेत आपण बुरशीला वनस्पतींच्या रांगेत बसवलं होतं, पण ती वनस्पती नाही. तिच्यात हिरवा रंग नाही, उन्हावर तिला अन्न करता येत नाही. तिच्या पेशीची भिंत कायटिनची असते, म्हणजे खेकड्याचं कवच ज्या पदार्थाचं असतं त्याची. वंशावळ काढली तर बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची निघते.

तिचं जेवण मात्र आपल्या उलट. आपण आधी गिळतो, मग पोटात पचवतो. बुरशी पाचकरस बाहेर सोडते, समोरचं पान किंवा लाकूड बाहेरच विरघळवते आणि मग तो रस शोषून घेते. शिळ्या भाकरीवर बुरशी आली की भाकरी ओलसर, भुसभुशीत होते, ती त्यामुळेच.

पावसाळ्यात उगवणारी कुत्र्याची छत्री म्हणजे बुरशीचं फळ. आंबा पाहून आपण त्यालाच झाड म्हणत नाही, तसंच हे. खरं शरीर जमिनीत किंवा लाकडात पसरलेलं असतं, बारीक तंतूंचं. त्या पसाऱ्याला कवकजाल म्हणतात. एकेक तंतू आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहून बारीक. तो फक्त टोकाशी वाढतो. आतल्या पाण्याच्या दाबाने टोक पुढे रेटलं जातं, मातीच्या दोन कणांमधल्या फटीत शिरतं, तिथे त्याला फांद्या फुटतात. वाटेत आपल्याच जातीचा दुसरा तंतू भेटला तर कित्येकदा दोघे जुळून एक होतात. चांगल्या जंगलातल्या चमचाभर मातीत असे कित्येक मीटर तंतू असतात.

पोट भरायचे त्यांचे तीन मार्ग आहेत. काही बुरश्या मेलेलं कुजवतात. काही जिवंत झाडावर हल्ला करतात. आणि काही झाडाशी भागीदारी करतात. व्हिडिओत गोष्ट आहे ती या तिसऱ्या प्रकारची.

दाव्याला बांधलेली गाय

मुळापाशी एवढं पाणी, एवढी माती असताना झाडाला भागीदार कशाला लागतो? याचं मोठं कारण स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळाशी येतं. स्फुरद येत नाही, ते जागच्या जागी बसून राहतं. तापीकाठच्या आपल्या काळ्या मातीत चुन्याचं प्रमाण बरंच, आणि चुना स्फुरदाला धरून ठेवतो. माती परीक्षणात स्फुरद आहे असं दिसतं, पण पिकाच्या तोंडात पडत नाही.

गाय दाव्याने खुंट्याला बांधली की दावं पुरेल तेवढ्या वर्तुळातला चारा ती संपवते. वर्तुळाच्या बाहेर हिरवंगार असतं, पण तिथे तिचं तोंड पोचत नाही. मुळाचं असंच होतं. आपल्या भोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा ते रिकामा करून टाकतं. नवीन मूळ वाढवावं तर त्याला खर्च फार.

बुरशीचा तंतू मुळापेक्षा कितीतरी बारीक. मूळ शिरू शकत नाही अशा ढेकळाच्या पोटात तो शिरतो, वर्तुळाच्या पलीकडे जातो, स्फुरद आणि जस्त गोळा करतो, थोडं पाणीही, आणि मुळात आणून देतो. बदल्यात झाड आपण उन्हावर केलेली साखर आणि स्निग्ध पदार्थ त्याला देतं. हा मोबदला लहान नाही. झाडाच्या शंभर रुपयांच्या कमाईतले साधारण चार ते वीस रुपये या भागीदाराच्या खात्यात जातात.

या जोडीला मायकोरायझा म्हणतात, शब्दशः 'बुरशी-मूळ'. हे नाव १८८५ साली आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं. त्याला प्रशियाच्या सरकारने काम दिलं होतं ते जमिनीखाली वाढणाऱ्या ट्रफल या महागड्या अळिंबीची लागवड करता येईल का, हे पाहण्याचं. लागवड बाजूला राहिली. त्याच्या लक्षात आलं की निरोगी झाडांच्या मुळांवर बुरशीचं आवरण आहे आणि त्याने झाडाचं काही बिघडत नाही. बुरशी म्हणजे रोग हे समीकरण तेव्हाही इतकं पक्कं होतं की त्याच्यावर बरीच टीका झाली.

हे नातं जुनं तरी किती? स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या दगडात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म सापडले आहेत. त्या वनस्पतींना अजून धड मुळंही आलेली नव्हती, पण त्यांच्या पेशींत ही बुरशी आहे. मुळाच्या आधी बुरशी आली, ही गोष्ट मला अजूनही अचंबित करते.

सातपुड्यातली बुरशी दिसत का नाही?

इथे व्हिडिओ बघताना हमखास घोटाळा होतो. त्यात दिसतात ती थंड देशांतली पाइन आणि बर्चची जंगलं. तिथली भागीदार बुरशी मुळाला बाहेरून मोज्यासारखी वेढते, आणि पावसानंतर तिच्या छत्र्या जमिनीवर येतात. भारतात साल वृक्षाची बुरशी या प्रकारची. बस्तरमध्ये पहिल्या पावसानंतर सालाच्या जंगलात मिळणारा आणि मोठ्या भावाने विकला जाणारा 'बोडा' हे तिचंच फळ.

आपल्याकडे साल नाही. सातपुड्यातला साग, अंजन, पळस, खैर, बांधावरचा कडुनिंब, आणि शेतातली केळी, कापूस, ज्वारी, बाजरी, मका या सगळ्यांची भागीदार बुरशी दुसऱ्या प्रकारची. जगातल्या बहुतेक वनस्पतींची हीच. ती मुळाच्या आत, थेट पेशीत शिरते आणि तिथे इतक्या फांद्या काढते की सूक्ष्मदर्शकाखाली निष्पर्ण झाडच उभं दिसतं. देवाणघेवाण त्या इवल्या झाडाच्या फांद्यांवर होते. ते काही दिवस टिकतं, मग विरतं आणि शेजारी नवं होतं. या बुरशीला छत्री येत नाही. नुसत्या डोळ्यांनी मूळ कितीही न्याहाळलं तरी ती दिसत नाही. प्रयोगशाळेत मूळ उकळून, निळा रंग देऊन बघावं लागतं.

म्हणजे तात्यांनी पानाखाली पाहिलेले पांढरे धागे भागीदाराचे नव्हतेच. ते पाला कुजवणाऱ्या बुरशीचे. पण म्हणून ते फुकट नाहीत. त्या धाग्यांनी पानातलं अन्न मोकळं केलं नाही, तर भागीदार बुरशीने झाडाला नेऊन काय द्यायचं? सागाखाली दोन वेगळ्या बुरश्यांची एक साखळी चालू असते. औषध टाकलं असतं तर तिची पहिलीच कडी तुटली असती.

दोघं एकमेकांना शोधतात कशी?

अंधाऱ्या मातीत बुरशीच्या बीजाणूला मूळ सापडावं कसं? झाड हाक देतं. स्फुरद कमी पडलं की मूळ मातीत एक द्रव्य सोडतं, त्याचं नाव स्ट्रायगोलॅक्टोन. ते पोचलं की बुरशीच्या तंतूला भराभर फांद्या फुटतात आणि त्या मुळाकडे येतात. हे २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं.

या द्रव्याची कहाणी खानदेशातल्या माणसाने ऐकावीच अशी आहे. त्याच्या कुळातलं पहिलं द्रव्य १९६६ साली सापडलं ते कपाशीच्या मुळांतून पाझरलेल्या पाण्यात. तेव्हा शोध चालू होता टारफुल्याचा. ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचं रक्त पिणारं हे तण. त्याचं बी वर्षानुवर्षं मातीत निजून राहतं आणि यजमानाच्या मुळाचा सुगावा लागला की उगवतं. तो सुगावा म्हणजेच हे द्रव्य. चाळीस वर्षं शास्त्रज्ञांना कोडं होतं की आपला वैरी जागा होईल असं द्रव्य झाड मुळात करतंच का? झाडाने हाक मित्राला मारली होती. चोराने ती ऐकायला शिकून घेतलं.

मग झाडं खरंच एकमेकांशी बोलतात का?

एक बुरशी एकाच वेळी दोन झाडांच्या मुळांत असू शकते, हे खरं. पुढचा प्रश्न असा की त्या तारेतून एका झाडाचा माल दुसऱ्याला जातो का, आणि मुद्दाम पाठवला जातो का.

१९९७ साली कॅनडात सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी जंगलात बर्च आणि डग्लस फर या दोन झाडांच्या रोपांवर प्रयोग केला. दोघांच्या पानांना वेगवेगळ्या खुणेचा कार्बन दिला आणि नंतर कुणाचा कार्बन कुठे गेला ते मोजलं. बर्चकडून फरकडे नक्त सहा टक्क्यांच्या आसपास कार्बन गेला, आणि फर सावलीत असताना जास्त. 'नेचर' नियतकालिकाने हा शोध मुखपृष्ठावर घेतला आणि तिथून 'झाडांचं इंटरनेट' ही कल्पना जगभर गेली. 'आई झाड' त्यातूनच पुढे आलं.

पण त्याच प्रयोगात तिसरं एक झाड होतं, वेगळ्या प्रकारच्या बुरशीचं, म्हणजे या तारेशी न जोडलेलं. थोडा कार्बन त्याच्यातही सापडला. याचा अर्थ काही माल मातीतून, पाण्यातूनही जातो. सगळा तारेनेच गेला असं म्हणता येत नाही. २०२३ साली जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी या विषयावरचे आधीचे अभ्यास पुन्हा तपासले. यातल्या मेलनी जोन्स १९९७ च्या मूळ प्रयोगातही होत्या. आपल्याच कामाकडे पंचवीस वर्षांनी अशा कठोर नजरेने पाहणं सोपं नसतं, मला त्यांचं फार कौतुक वाटतं. त्यांचा निष्कर्ष असा: जंगलात अशी जाळी सर्रास आहेत असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, त्यातून रोपांचा फायदा होतो याला दुसरी कारणंही संभवतात, आणि मोठं झाड आपल्याच पिल्लांना ओळखून जास्त देतं, याला जंगलातला तपासलेला पुरावा एकही नाही. ही झाली थंड देशांची गोष्ट. आपल्या सागा-अंजनाची बुरशी वेगळी, तेव्हा तिथलं चित्र उचलून इथे लावणं आणखीच धाडसाचं.

मला यावर पांझरेच्या फडाचं उदाहरण सुचतं. धुळे जिल्ह्यातली फड पद्धत कैक पिढ्यांची: नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि सगळ्यांच्या शेताला ठरल्याप्रमाणे पाणी. वरून पाहिलं तर बुरशीचं जाळंही तसंच वाटतं. पण फडात पाटकरी असतो. कोणाची पाळी, किती वेळ, हे माणसं बसून ठरवतात. मातीत पाटकरी कोणी नाही. तिथे चालतो तो बाजार. २०११ साली प्रयोगशाळेत असं दिसलं की जी बुरशी जास्त स्फुरद देते तिला मूळ जास्त साखर देतं, आणि जे मूळ जास्त साखर देतं त्याला बुरशी जास्त स्फुरद देते. यात माया शोधायची गरज नाही. भाव बरोबर बसला की दोघांचं भलं होतं.

'बोलणं' हा शब्द म्हणून मी वापरत नाही. व्यवहार होतो, हे मात्र पक्कं आहे आणि माझ्या दृष्टीने ते पुरेसं थोर आहे.

पण बुरशीने झाडं मरतातच ना?

मरतात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात एकाच बुरशीचं शरीर जंगलाच्या मुळांखाली जवळपास साडेनऊ चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या जिवांत तिची गणना होते, आणि ती झाडं मारणारी आहे. घरात दहा माणसं असतात, एक जण व्यसनी निघाला म्हणून आपण घर पेटवत नाही. रोगाची बुरशी ओळखून तिच्यावरच औषध करावं. 'असू द्या' म्हणून दर पंधरा दिवसांनी बुरशीनाशकाची आळवणी केली, तर काही औषधं भागीदारालाही मारतात.

केळी, कापूस आणि बाजारातली पुडी

रावेर-यावलकडचा शेतकरी आज केळीची टिश्यू कल्चर रोपं लावतो. ती काचेच्या बाटलीत, निर्जंतुक अन्नावर वाढलेली असतात. रोग येत नाही हा त्यांचा मोठा गुण, पण त्याच कारणाने भागीदार बुरशीही मुळात नसते. पिशवी सोडून मी एक रोप पाहिलं होतं: कोकोपीटला धरलेली पांढरीशुभ्र, तारेसारखी मुळं. इतकं स्वच्छ मूळ जंगलात कधी दिसत नाही. या रोपाला भागीदार मिळणार तो शेतातल्या मातीतूनच, तिथे असेल तर.

तिथे तो कमी कशाने होतो? वारंवार खोल नांगरटीने तंतूंचं जाळं तुटतं. डीएपी या स्फुरद देणाऱ्या खताचा डोस सढळ झाला की झाडाची हाक बंद होते. स्फुरद आयतं मिळत असताना साखर खर्चायची कशाला, असा त्याचा हिशोब. आणि जमीन दीर्घकाळ पडीक राहिली तर बुरशी उपाशी मरते, कारण ही जात जिवंत मुळाशिवाय जगूच शकत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या मातीत लांब पडीक ठेवलेल्या रानात पिकं खुरटायची. १९८७ साली त्याचं कारण सापडलं ते हेच. माती आपल्यासारखीच काळी, चिकण, म्हणून हे उदाहरण मला जवळचं वाटतं. कोबी, मोहरी, बीट यांना ही बुरशी लागतच नाही, त्यामुळे त्यांच्या पाठोपाठचं पीकही कधी मागे पडतं.

मग दुकानातली मायकोरायझाची पुडी टाकावी का? कृषी केंद्रात ती 'व्हॅम' या नावानेही मिळते. माझं मत सावध आहे. ही बुरशी दह्याच्या विरजणासारखी नुसत्या भांड्यात वाढत नाही, तिला जिवंत मूळ लागतं, म्हणून ती तयार करणं कटकटीचं आणि खर्चाचं. वेगवेगळ्या देशांत पुड्या तपासल्या तेव्हा बऱ्याच पुड्यांत जिवंत बुरशी नगण्य निघाली. निर्जंतुक रोपाला पिशवीतच, मुळाला लागेल अशी, ताजी पुडी दिली तर उपयोग होऊ शकतो. उभ्या पिकात वरून भुरभुरली तर पैसे मातीत. आणि घ्यायचीच तर आधी चार ओळींवर टाकून, शेजारच्या चार ओळी कोऱ्या ठेवून बघावी.

लावलेली रोपं मरतात ती यामुळेच?

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. आपल्याकडची रोपं मरतात ती आधी पाण्यावाचून, मग शेळ्यांच्या तोंडाने, मग वणव्याने. बुरशीचा नंबर त्यानंतर. पण ती अजिबात नसली तर काय होतं, ते पोर्टो रिकोत दिसलं. त्या बेटावर मूळची पाइनची झाडं नव्हती. १९३० च्या दशकापासून तिथे पाइन लावत राहिले, रोपं उगवायची आणि पिवळी पडून संपायची. पुढे अमेरिकेतल्या पाइनच्या जंगलातली माती आणून मिसळली, तेव्हा तीच रोपं वाढू लागली. दूध चांगलं होतं, विरजण नव्हतं.

सातपुड्याच्या उघड्या पडलेल्या उतारांवर मला हीच धास्ती वाटते. भागीदार बुरशीचा मोठा भाग वरच्या वीतभर मातीत असतो. झाडं गेली, पाला गेला, दोन-चार पावसाळ्यांत ती वीतही वाहून गेली, की खाली उरतो मुरूम. तिथे जेसीबीने खड्डा घेऊन रोप बसवणं म्हणजे तापवलेल्या दुधाची भांडी रांगेत मांडून ठेवणं. मोहफुलं दिसावीत म्हणून चैत्रात पाला पेटवतात, तेव्हाही वरच्या थराचं नुकसान होतं. मोह वेचणाऱ्यांना दोष देत नाही, त्यांचं वर्षाचं मीठमिरची त्यावर चालतं. झाडाखाली कापड किंवा जाळी अंथरायला दिली तर आग लावायची गरजच पडणार नाही.

साक्री तालुक्यातल्याच बारीपाड्याने दुसरी वाट धरली. चैत्राम पवारांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली आणि सुमारे ४०० हेक्टर जंगल राखलं. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दर पावसाळ्यात तिथे वनभाज्यांचा महोत्सव भरतो, तेव्हा बायका रांधून आणतात त्या भाज्या त्याच राखलेल्या जमिनीतल्या. राखलेल्या जंगलाचा एक फायदा सहज दिसत नाही: तोडलेल्या सागाचं खोड पुन्हा फुटतं, कारण खाली मूळ जिवंत असतं, आणि जिवंत मुळाबरोबर त्याची बुरशीही. तिथे विरजण बाहेरून आणावं लागत नाही.

तात्यांच्या खड्ड्यात

हे सगळं मी तात्यांना पुढच्या आठवड्यात सांगितलं. फडाचं उदाहरण त्यांना लगेच पटलं, पाटकरी नसलेला फड म्हटल्यावर ते हसले. मग त्यांनी विचारलं, विरजण कुठलं आणायचं? राखीव जंगलातली माती उकरून आणायची नाही, एवढं मी आधी सांगितलं. बांधावर जुनं, निरोगी, त्याच जातीचं झाड असेल तर त्याच्या बारीक मुळांजवळची ओंजळभर माती पुरे. खुरटलेल्या, वाळत चाललेल्या झाडाखालची घेतली तर रोगच घरी यायचा. माती उन्हात ठेवायची नाही. खड्ड्यात रोपाच्या मुळाला लागेल अशी टाकायची, वर पाल्याचं आच्छादन, आणि त्या खड्ड्यात डीएपी नाही.

तात्यांच्या बांधावर त्यांच्या वडिलांनी लावलेला कडुनिंब आहे. त्याखालची माती त्यांनी घमेल्यात घेतली, ओल्या गोणपाटाने झाकली आणि कडुनिंबाच्या बारा रोपांपैकी सहांना दिली. उरलेल्या सहांना मुद्दाम दिली नाही. कुठली कुठली ते कळावं म्हणून त्यांनी माती दिलेल्या सहा रोपांच्या काठ्यांना लाल दोरा बांधून ठेवला आहे.